हृदयाच्या लयीतले दोष ओळखण्याच्या पद्धतींची तुलना: प्रकल्प नोंदी, रत्नागिरी

२ एप्रिल

कामाची चौकट आज पक्की केली. एका लीडच्या (इलेक्ट्रोडांच्या एका मांडणीतून मिळणाऱ्या) ईसीजीवरून, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखावरून, दोन गोष्टी कळायला हव्यात: ठोका नेमका कुठे पडला आणि लय बिघडली आहे का. चार पद्धती घेतल्या आहेत. पॅन-टॉम्पकिन्स (फिल्टर आणि उंबरठ्यावर चालणारी) आणि वेव्हलेट (संकेत वारंवारतेच्या पातळ्यांत फोडणारी) ठोका शोधतात. आरआर अंतरांची, म्हणजे लागोपाठच्या दोन ठोक्यांमधल्या वेळेची, अनियमितता मोजणारी पद्धत लय बघते. छोटं कन्व्होल्यूशनल नेटवर्क (उदाहरणांवरून आकार ओळखायला शिकणारं न्यूरल नेटवर्क) ठोक्याचा प्रकार सांगतं. कामं वेगळी असल्यामुळे चौघींना 'अचूकता' नावाच्या एकाच रकान्यात बसवायचं नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.

माहितीसाठी एमआयटी-बीआयएच अ‍ॅरिदमिया डेटाबेस (तज्ज्ञांनी ठोक्यांवर खुणा केलेल्या ईसीजी नोंदींचा संच) वापरणार. १९७५ ते १९७९ या काळातल्या ४७ जणांच्या ४८ नोंदी, प्रत्येकी सुमारे अर्ध्या तासाची, दोन चॅनेल, सेकंदाला ३६० नमुने. एका नोंदीत चॅनेलमागे ६,५०,००० नमुने येतात. एका मिलिव्होल्टला २०० एकक आणि शून्यरेषा १०२४ वर, त्यामुळे कच्चे आकडे वाचले तर आधी १०२४ वजा करून मग २०० ने भागायचं. १०२, १०४, १०७ आणि २१७ या नोंदी पेसमेकर असलेल्यांच्या आहेत, त्या बाजूला काढल्या. ११४ मध्ये दोन चॅनेलची अदलाबदल आहे. 'पहिला चॅनेल' असं डोळे झाकून घेतलं तर त्या नोंदीत भलतीच लीड हाती येते. म्हणून चॅनेल क्रमांकाने न घेता लीडच्या नावाने उचलायचा.

५ एप्रिल

पॅन-टॉम्पकिन्स चालू केली आणि पहिल्याच दिवशी अडकलो. हृदयातल्या विद्युत वाटेच्या डाव्या किंवा उजव्या फांदीत (बंडलमध्ये) अडथळा असलेल्या रुंद ठोक्यांवर एकाच्या जागी दोन खुणा पडत होत्या. उंबरठा वरखाली करून काही फरक पडेना.

कारण मूळ मांडणीत सापडलं. १९८५ च्या या पद्धतीतल्या फिल्टरांचे पूर्णांक गुणक सेकंदाला २०० नमुन्यांसाठी बेतलेले आहेत. तेच गुणक ३६० च्या संकेतावर लावले की सगळी वारंवारता १.८ पटीने वर सरकते. ५ ते ११ हर्ट्झची खिडकी ९ ते २० हर्ट्झची होते. त्याहून मोठा घोटाळा सरकत्या बेरजेत होतो. तिथे ३० नमुने म्हणजे १५० मिलिसेकंद अपेक्षित आहेत, पण ३६० ला ते ८३ मिलिसेकंदच भरतात. रुंद क्यूआरएस (ठोक्याची मुख्य टोकदार लहर, तिचं शिखर म्हणजे आर) तेवढ्यात मावत नाही, बेरजेच्या आलेखाला दोन उंचवटे येतात आणि दोन्ही ठोके म्हणून मोजले जातात. २०० मिलिसेकंदांचा विश्रांतिकाळ (एका ठोक्यानंतर दुसरा न मानण्याचा काळ) खरं तर दुसरा उंचवटा गाळायला हवा, पण तोही आम्ही ४० नमुन्यांत लिहून ठेवला होता, म्हणजे १११ मिलिसेकंद.

आता कोडमध्ये एकही आकडा नमुन्यांत लिहायचा नाही. सगळं मिलिसेकंदांत आणि वर एकदाच नमुनादराने गुणायचं. बेरजेची खिडकी ५४ नमुने, विश्रांतिकाळ ७२ नमुने. पूर्णांक फिल्टर काढून ५ ते १५ हर्ट्झचा दुसऱ्या श्रेणीचा बटरवर्थ फिल्टर घातला. इंटरनेटवर फिरणाऱ्या तयार कोडमध्ये ही चूक सहज राहून जाते, आणि तिथे दोष पद्धतीच्या माथी मारला जातो.

८ एप्रिल

गुण मोजण्याची रीत. आपली खूण तज्ज्ञांच्या खुणेपासून १५० मिलिसेकंदांच्या आत पडली तर बरोबर. मूळ पद्धतीत फिल्टरांमुळे उशीर होतो: लो-पासचे २५, हाय-पासचे ८०, डेरिव्हेटिव्हचे १०, एकूण ११५ मिलिसेकंद. त्यात सरकत्या बेरजेचा अर्ध्या खिडकीचा, म्हणजे ७५ मिलिसेकंदांचा उशीर मिळवला की १९० होतात. उशीर वजा केला नाही तर ठोका बरोबर सापडूनही मर्यादेबाहेर पडतो. मग तो एकदा 'सुटलेला' आणि एकदा 'खोटा' असा दोन्हीकडे मोजला जातो. सुटलेले आणि खोटे यांची संख्या जवळजवळ सारखी आली की आधी उशीर तपासायचा, ही खूणगाठ बांधली.

दोन्ही दिशांनी फिरवून उशीर शून्य करणारा फिल्टर साठवलेल्या नोंदीवर चालतो. यंत्रावर चालत नाही, कारण त्याला पुढचे नमुने आधीच लागतात. तुलनेत एका पद्धतीला ही सवलत आणि दुसरीला नाही, असं व्हायला नको.

१२ एप्रिल

सरासरी बाजूला ठेवून ४४ नोंदी एकेक करून पाहिल्या. बहुतेकांत चूक शोधावी लागते, पण चार-पाच नोंदींत ती ढीगभर आहे. १०८ मध्ये पी लहर (एरवी क्यूआरएसच्या आधी येणारी छोटी लहर) उंच आणि टोकदार आहे, त्यामुळे ती क्यूआरएस म्हणून पकडली जाते. २०३ मध्ये ४४४ वेंट्रिक्युलर (खालच्या कप्प्यांतून निघालेले) ठोके, तेही नाना आकारांचे, आणि वर गोंगाट. २०७ मध्ये वेंट्रिक्युलर फ्लटरचे (खालचे कप्पे अतिवेगाने फडफडण्याचे) तुकडे आहेत. तिथे वेगळा ठोका असा नसतोच, म्हणून ते तुकडे ठोक्यांच्या हिशेबातून वगळतात. पण वगळले हे अहवालात लिहायलाच हवं.

यापुढे प्रत्येक पद्धतीचा निकाल नोंदवार तक्त्यात. १०० सारख्या सरळ नोंदीत २,२७३ ठोके आहेत आणि ते कोणतीही पद्धत पकडते. अशा नोंदी सरासरी वर नेतात आणि १०८ त्याखाली गडप होते.

१९ एप्रिल

वेव्हलेट. साधं डिस्क्रीट रूपांतर प्रत्येक पातळीवर निम्मे नमुने गाळतं. संकेत दोन-चार नमुन्यांनी सरकला तरी गुणांक बदलतात आणि ठोक्याची जागा हलते. म्हणून न गाळणारं स्थिर रूपांतर घेतलं. ३६० नमुनादराला तिसरी पातळी २२.५ ते ४५ हर्ट्झ, चौथी ११.२५ ते २२.५, पाचवी ५.६ ते ११.२५. क्यूआरएसचा जोर मुख्यतः चौथ्या पातळीत दिसतो.

पाचव्या पातळीला कोड अडला. स्थिर रूपांतराला लांबी २ च्या त्या घाताने भाग जाणारी हवी. ६,५०,००० ला १६ ने भाग जातो, ३२ ने जात नाही. शेवटी १६ नमुने जोडून ६,५०,०१६ केले. पाचवी पातळी टाळून चालत नाही, कारण रुंद वेंट्रिक्युलर ठोक्याचा जोर खाली सरकलेला असतो. फक्त तिसऱ्या-चौथ्यावर विसंबलं तर नेमके तेच ठोके सुटतात ज्यांच्यासाठी हा खटाटोप.

१०८ मध्ये वेव्हलेटने पी लहरींची खोटी मोजणी बरीच कमी केली. क्यूआरएसवर एकापाठोपाठ उलट चिन्हांची दोन शिखरं येतात आणि त्यांच्यामधला शून्यछेद आरच्या जागी पडतो. ही जोडी सलग तीन पातळ्यांवर दिसली तरच ठोका मानायचा. जागेची अचूकताही पॅन-टॉम्पकिन्सपेक्षा चांगली, आणि आरआर अंतरांवर पुढचं काम असल्याने ती मोलाची आहे. खर्चही आहे: १० सेकंदांच्या तुकड्यांत काम केलं की तुकड्याच्या दोन्ही कडांना खोटी शिखरं उगवतात. दोन्ही बाजूंना १ सेकंद जास्त घेऊन तो शेवटी टाकून द्यायचा.

२६ एप्रिल

गोंगाटाची कसोटी. एमआयटी-बीआयएचच्या नॉइज स्ट्रेस संचात ११८ आणि ११९ या दोन नोंदींत इलेक्ट्रोड हलल्याचा गोंगाट मिसळलेला आहे, २४ पासून उणे ६ डेसिबेलपर्यंत सहा पायऱ्यांनी. पहिली पाच मिनिटं स्वच्छ, मग दोन मिनिटं गोंगाट, दोन मिनिटं स्वच्छ, असं आलटून पालटून.

पूर्ण अर्ध्या तासावर गुण काढले तर स्वच्छ भागाचं पाणी मिसळतं. म्हणून फक्त गोंगाटाच्या तुकड्यांवरच गुण काढले. दुसरी गोष्ट, पहिल्या पाच स्वच्छ मिनिटांत पॅन-टॉम्पकिन्सचा उंबरठा नीट बसून जातो. प्रत्यक्षात ३० सेकंदांच्या नोंदीत ही चैन मिळत नाही. म्हणून उंबरठा गोंगाटाच्या तुकड्याच्या आरंभी शून्यापासून सुरू करूनही पाहिला, आणि निकाल लगेच ढासळला.

इलेक्ट्रोडच्या हालचालीचा गोंगाट फिल्टरने जात नाही, कारण त्याची वारंवारता आणि आकार खऱ्या वेंट्रिक्युलर ठोक्यासारखेच असतात. ६ डेसिबेलच्या खाली दोन्ही पद्धती भरवशाच्या राहत नाहीत. इथे आणखी हुशार डिटेक्टर शोधण्यापेक्षा तुकडा नाकारण्याची सोय हवी.

६ मे

स्वतःचं यंत्र. ईसीजी उचलणारा एडी८२३२ चा बोर्ड आणि ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर, गटातल्या चौघांवरच नोंदी. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवायचा, अंगाला इलेक्ट्रोड असताना चार्जर लावायचा नाही. हा नियम खोलीच्या दारावर चिकटवला.

नोंद उघडली तर बसलेल्या माणसाची गती ११२. मनगटावर हात ठेवून मोजली तर ७२. डिटेक्टर बरोबर, ठोके बरोबर, घड्याळ चुकलं होतं. एका नमुन्यासाठी चार अंक आणि ओळबदलाची दोन अक्षरं, अशी सहा अक्षरं जातात, प्रत्येकी १० बिट, म्हणजे ६० बिट. सेकंदाला २५० नमुन्यांना १५,००० बिट लागतात. लॅपटॉपकडे जाणाऱ्या सिरियल मार्गाचा वेग सेकंदाला ९,६०० बिट ठेवलेला. मार्ग भरला की लूप थांबून राहतो आणि सेकंदाला १६० नमुनेच बाहेर पडतात. सॉफ्टवेअर मात्र २५० धरून हिशेब करतं. ७२ ला २५०/१६० ने गुणलं की ११२.५.

वेग १,१५,२०० केला. नमुने लूपमधल्या विरामावर न घेता हार्डवेअर टायमरवर घेतले आणि रिंग बफरमध्ये भरले. विरामावर घेतलेल्या नमुन्यांची अंतरं थोडी थोडी डळमळतात, आणि अनियमितता मोजणाऱ्या पद्धतीत ती डळमळ थेट हृदयाच्या खात्यात जमा होते. प्रत्येक नमुन्यासोबत क्रमांक पाठवतोय, गळलेला नमुना लगेच कळतो. क्रमांक धरला तरी नव्या वेगात जागा भरपूर आहे.

बोर्डाची एकूण वाढ सुमारे ११०० पट आणि विश्रांतीची पातळी १.६५ व्होल्ट. म्हणजे १.५ मिलिव्होल्टची आर लहर ३.३ व्होल्टच्या छताला टेकते. एका सडपातळ सदस्याच्या नोंदीत आरची टोकं सपाट दिसली, ती यामुळेच. इलेक्ट्रोड छातीऐवजी खांद्याकडे सरकवल्यावर उंची कमी झाली. वायफाय चालू असेल तर ईएसपी३२ चा दुसरा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) वापरता येत नाही, पिन पहिल्याच गटातली घ्यायची.

१४ मे

उकाडा आणि वळवाचा पाऊस. दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरवर काम चालू ठेवलं आणि नोंदीत शून्यरेषा पाच सेकंदांच्या लाटेने वरखाली व्हायला लागली. श्वास म्हणावा तर श्वास रोखूनही लाट तशीच. हाय-पास फिल्टर वाढवून ती झाकता आली असती, पण मूळ शोधलं.

आमचा इन्व्हर्टर शुद्ध साइन देणारा नाही, चौकोनी पायऱ्यांची लहर देतो. अशा लहरीत ५० च्या विषम पटी भरपूर असतात: १५०, २५०, ३५० हर्ट्झ. इन्व्हर्टरची वारंवारता ४९.९६ असेल तर तिची पाचवी पट २४९.८. ती २५० नमुनादराने उचलली की ०.२ हर्ट्झची होऊन समोर येते, म्हणजे नेमकी पाच सेकंदांची लाट. बोर्डावरचा ४० हर्ट्झचा फिल्टर तिला आधीच अडवायला हवा होता, पण शिरकाव त्याच्या पुढे होत होता: बोर्ड आणि ईएसपी३२ यांच्यामध्ये वीतभर लांब मोकळी वायर होती.

वायर दोन इंचांवर आणली. एडीसीच्या पिनेपाशी ३.३ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावला, त्याचा कटऑफ ४८ हर्ट्झ. नमुने ५०० ने घेऊन, फिल्टर करून मग २५० वर आणले. लाट गेली. २५० ला सलग पाच नमुन्यांची सरासरी ५० आणि १०० हर्ट्झ दोन्ही नेमके शून्य करते, तीव्र नॉचसारखं (एकच वारंवारता कापणाऱ्या फिल्टरसारखं) क्यूआरएसमागे थरथरणारं शेपूटही सोडत नाही. मात्र एमआयटी-बीआयएचच्या नोंदी अमेरिकेतल्या आहेत, तिथे वीज ६० हर्ट्झची. त्या नोंदींवर ५० चा नॉच लावणं व्यर्थ. ३६० नमुनादराला सहा नमुन्यांची सरासरी ६० शून्यावर आणते.

२१ मे

इलेक्ट्रोड. भाट्याच्या खाडीजवळच्या या खोलीत खिडकी उघडी ठेवली की खारं वारं थेट आत येतं. केबलच्या प्रेस-बटणांवर हिरवट थर चढला होता. वरवर किरकोळ, पण बटण फिरवलं की आलेख उडी मारतो. स्पिरिटने पुसून, कोरडं करून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायला सुरुवात केली. चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडचं पाकीट एकदा उघडलं की जेल वाळतं, उरलेले पुन्हा घट्ट मिटवून ठेवायचे.

घामाचा त्रास दुहेरी आहे. चिकटपट्टी सैल होऊन इलेक्ट्रोड सरकतो, आणि जवळजवळ लावलेल्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये घामाची खारट वाट तयार होऊन संकेत बारीक होतो. ठरलेली रीत: कोरड्या कापडाने पुसायचं, स्पिरिटचा बोळा, अर्धा मिनिट वाळू द्यायचं, मग लावायचं, आणि दोन मिनिटं थांबून नोंद सुरू करायची. टॅल्कम पावडर अजिबात नको, पट्टी धरत नाही. लीड सुटल्याची पिन पूर्ण सुटलेला इलेक्ट्रोड सांगते, घामाने लोंबकळणारा सांगत नाही.

२ जून

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या विस्कळीत थरथरीमुळे ठोके अनियमित पडणं. यासाठी एमआयटी-बीआयएचचा वेगळा संच आहे: प्रत्येकी दहा तासांच्या २५ नोंदी, २५० नमुनादर. त्यातल्या २३ नोंदींचेच संकेत आहेत, दोघांच्या फक्त खुणा. ठोक्यांच्या खुणा यंत्राने पाडलेल्या, सगळ्या माणसाने तपासलेल्या नाहीत. एट्रियल फ्लटरचे (वरच्या कप्प्यांच्या वेगवान पण नियमित फडफडीचे) तुकडे वेगळ्या नावाने आहेत. त्यांना फिब्रिलेशनमध्ये धरायचं की नाही हे आधी ठरवायचं, निकाल पाहून नाही. आम्ही बाहेर ठेवले.

पहिलं माप: लागोपाठच्या आरआर अंतरांतल्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, भागिले सरासरी आरआर. ते फिब्रिलेशन पकडतं, पण तरुण माणसाच्या श्वासासोबत होणाऱ्या चढउतारालाही बोट दाखवतं. आमच्या चौघांपैकी दोघांच्या निरोगी नोंदी त्याने संशयित ठरवल्या.

दुसरं माप वळणबिंदूंचं. तीन लागोपाठच्या अंतरांत मधलं सर्वांत मोठं किंवा सर्वांत लहान असेल तर ते वळण. निव्वळ यादृच्छिक मालिकेत ६० अंतरांत सुमारे ३९ वळणं अपेक्षित, प्रमाणित विचलन ३.२. श्वासाच्या चढउतारात अंतरं काही ठोके वाढत जातात, मग काही ठोके घटतात, म्हणून वळणं बरीच कमी पडतात. बायजेमिनीत (एकाआड एक ठोका अकाली) लहान-मोठं-लहान-मोठं, म्हणजे जवळजवळ प्रत्येक जागी वळण, ५८ च्या आसपास. दोन्ही बाद होतात. इथपर्यंत छान वाटलं. मग ११९ घेतली, तिच्यात ट्रायजेमिनी (दर तिसरा ठोका अकाली) आहे. नेहमीचं, लहान, लांब, पुन्हा नेहमीचं: या चक्रात तीनपैकी बरोबर दोन वळणं. म्हणजे वळणबिंदूंच्या नजरेत ट्रायजेमिनी आणि फिब्रिलेशन हुबेहूब सारखी!

तिसरं माप एंट्रॉपीचं, म्हणजे विखुरलेपणाचं. ट्रायजेमिनीत अंतरं तीनच मूल्यांभोवती गोळा होतात, फिब्रिलेशनमध्ये विखुरतात. त्यामुळे एंट्रॉपी दोघांना वेगळं करते. तिन्ही मापांनी होकार दिला तरच संशयित म्हणायचं ठरवलं. वेंट्रिक्युलर ठोके ओळखून आधी काढून टाकले तर आणखी सुधारतं. आणि एक ठोका सुटला की अंतर दुप्पट होतं, टी लहर (क्यूआरएसनंतरची लहर) ठोका म्हणून मोजली गेली की लहान-मोठं होतं. दोन्ही वेळा अनियमितता खोटी. ठोक्याच्या जागेसाठी एप्रिलमध्ये एवढी मेहनत घेतली ती इथे कामी आली.

या पद्धतीच्या हाती काय लागत नाही तेही लिहितो: दोनास एक प्रमाणात वाहणारं एट्रियल फ्लटर (वरच्या दोन फडफडींमागे खाली एक ठोका), ज्यात गती १५० च्या आसपास आणि घड्याळासारखी नियमित असते. तिथे गतीच्या मर्यादेची वेगळी सूचना हवी.

११ जून

ठोक्यांचे प्रकार आणि न्यूरल नेटवर्क. सगळे ठोके एकत्र ढवळून त्यातले काही शिकवायला, काही तपासायला काढले तर गुण डोळे दिपवणारे येतात. एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे गेल्यामुळे नेटवर्क आजार न शिकता माणूस ओळखायला शिकतं. म्हणून नोंदींची रूढ विभागणी घेतली: शिकवायला २२, तपासायला २२. या विभागणीतही एक भोक आहे. २०१ आणि २०२ एकाच माणसाच्या आहेत, २०१ शिकवायच्या गटात आणि २०२ तपासायच्या. २०२ चा निकाल वेगळा दाखवतोय.

तपासणी गटात सुमारे ८९ टक्के ठोके सामान्य वर्गातले. काहीही न शिकता 'सगळे सामान्य' म्हणणाऱ्याला ८९ टक्के अचूकता मिळते. म्हणून प्रत्येक वर्गाची संवेदनशीलता (खऱ्यांपैकी किती पकडले) आणि होकाराची विश्वासार्हता (पकडलेल्यांपैकी किती खरे) वेगळी लिहायची.

एका ठोक्याची चौकट बघणारं नेटवर्क रुंद वेंट्रिक्युलर ठोके चांगले ओळखतं. वरच्या कप्प्यातला अकाली ठोका मात्र आकाराने सामान्यच असतो, तो फक्त लवकर येतो, आणि चौकटीत ते लवकर येणं दिसतच नाही. आधीचं आरआर आणि त्याचं स्थानिक सरासरीशी गुणोत्तर शेजारी दिल्यावर फरक पडला. तरी तपासणी गटातले या वर्गाचे दोन तृतीयांशांहून जास्त ठोके २३२ या एकाच नोंदीतले आहेत: तिच्या १,७८० ठोक्यांपैकी १,३८२. तिथे स्थानिक सरासरीच अकाली ठोक्यांची बनते आणि गुणोत्तर एकच्या जवळ येऊन बसतं. या वर्गातला गुण म्हणजे बहुतांशी एका माणसाचा निकाल, तक्त्याखाली तसं लिहिलं.

२० जून

पावसाळा लागला. खोलीतला दमटपणा वाढला, पण घाम कमी, नोंदी मे महिन्यापेक्षा स्वच्छ.

यंत्राची रचना ठरली. दर १० सेकंदांच्या तुकड्यावर पॅन-टॉम्पकिन्स आणि वेव्हलेट दोन्ही चालवायच्या. दोघींनी १५० मिलिसेकंदांच्या आत मान्य केलेल्या ठोक्यांचं प्रमाण कमी असेल तर तुकडा नाकारायचा आणि पडद्यावर 'इलेक्ट्रोड तपासा' दाखवायचं. या दोन पद्धती वेगवेगळ्या कारणांनी चुकतात म्हणून त्यांचं एकमत उपयोगी पडतं. एकाच फिल्टरवर उभ्या असलेल्या दोन पद्धती घेतल्या असत्या तर दोघी मिळून चुकल्या असत्या. पास झालेल्या तुकड्यांवर वेव्हलेटच्या खुणा धरून आरआरची तिन्ही मापं. नेटवर्क सध्या यंत्रावर नाही, लॅपटॉपवर वेंट्रिक्युलर ठोके गाळायला.

किती तुकडे नाकारले हा आकडा प्रत्येक निकालाशेजारी छापायचा. अवघड तुकडे टाकून दिले की गुण आपोआप चढतात, त्यामुळे त्या आकड्याशिवायचा निकाल आम्ही एकमेकांकडूनही स्वीकारत नाही.

२८ जून

उरलेली कामं. बोर्डावर पारदर्शक वॉर्निशचा थर द्यायचा, त्याआधी पिन आणि बटणांवर टेप. डब्याला केबल खालच्या बाजूने, म्हणजे ओघळणारं पाणी आत शिरत नाही. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदलायचं, सध्या आठवडाभरात होतंय. ११९ वरची ट्रायजेमिनीची चाचणी दर कोडबदलानंतर आपोआप चालेल अशी लावायची, सोबत १०८, २०३ आणि २३२. पडद्यावर 'फिब्रिलेशन आहे' असं वाक्य दाखवायचं नाही. 'लय अनियमित, डॉक्टरांना १२ लीडचा ईसीजी दाखवा' एवढंच, आणि खाली त्या ३० सेकंदांचा मूळ आलेख, मिलिमीटरच्या चौकटीसह.